रिक्वायरमेंट्स आणि टेस्टिंग: दोन विषय की एकच?

अभ्यासक्रम नव्याने बसवायला घेतला की सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकवणाऱ्यांत हा वाद हमखास निघतो. एक बाजू म्हणते, रिक्वायरमेंट्स (सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते ठरवून लिहिणं) आणि टेस्टिंग (ते तसं करतं का हे तपासणं) हे दोन्ही विषय स्वतंत्र ठेवा आणि दोन्हींना पुरेसे क्रेडिट द्या. दुसरी म्हणते, एकत्र करा, नाहीतर मुलांना त्यांचा एकमेकांशी संबंधच कळत नाही. माझा कौल एकत्र शिकवण्याला आहे, पण एका अटीवर. ती पुढे येईलच.

वेगळे ठेवले तर

या बाजूला आधार भक्कम आहे. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगची ज्ञानक्षेत्रं मांडणारा स्वेबॉक हा मार्गदर्शक ग्रंथ दोन्हींना स्वतंत्र जागा देतो. उद्योगातली प्रमाणपत्रं वेगळी: टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी, रिक्वायरमेंट्ससाठी आयआरईबी. आंतरराष्ट्रीय मानकंही वेगळी, रिक्वायरमेंट्सचं २९१४८ आणि टेस्टिंगचं २९११९.

खरा फायदा मात्र खोलीचा. टेस्टिंगला अख्खं सेमिस्टर मिळालं तर बाउंडरी व्हॅल्यू (सीमेवरच्या किमती तपासणं) आणि ब्रँच कव्हरेज (कोडमधल्या प्रत्येक फाट्याच्या सगळ्या वाटा चालवणं) यांवर न थांबता म्यूटेशन टेस्टिंगपर्यंत जाता येतं. यात टूल तुमच्या कोडमध्ये मुद्दाम छोटी मोडतोड करतं, > चं >= करतं, बेरजेच्या जागी वजाबाकी घालतं आणि त्याच टेस्ट पुन्हा चालवतं. तरीही सगळ्या पास झाल्या, तर एखादा अपवाद सोडता टेस्टच कच्च्या आहेत. कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टनी किती कोड चालवला त्याच्या, आकड्यावर खूश असलेल्या मुलांना हे दाखवावंच. प्रत्येक ओळ चालवणारी, पण निकाल कुठेच न तपासणारी टेस्टसुद्धा १०० टक्के कव्हरेज दाखवते. असली प्रॅक्टिकल्स घाईत उरकत नाहीत.

अडचण अशी, की रिक्वायरमेंट्सच्या विषयाचा शेवट एसआरएस (सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स स्पेसिफिकेशन) नावाच्या जाडजूड दस्तऐवजात होतो आणि तो वाचणारे एकटे शिक्षक. मार्क पडतात साच्याला. साचाही बहुधा आयईईई ८३० चा. ते मानक १९९८ सालचं. २०११ मध्येच त्याची जागा २९१४८ ने घेतली, तरी त्याचा वर्गातला मुक्काम काही हलत नाही. तिकडे टेस्टिंगच्या वर्गात स्पेसिफिकेशन आयतं मिळतं. तीन बाजू दिल्या, त्रिकोणाचा प्रकार ओळखा: ग्लेनफर्ड मायर्स यांचं १९७९ चं हे उदाहरण आजही झकास आहे, पण त्यात ‘बरोबर’ म्हणजे काय हे भूमितीनेच ठरवून दिलेलं असतं. खऱ्या प्रोजेक्टमध्ये ते ठरवण्यातच निम्मा जीव जातो.

एकत्र शिकवले तर

एक साधी रिक्वायरमेंट घ्या: ‘प्रवासाच्या २४ तास आधीपर्यंत तिकीट रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतील.’ लिहिणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. टेस्ट केस लिहायला बसलेला मात्र पहिल्याच सीमेवर अडतो. बरोबर २४ तास उरले असतील तर? वेळ बटण दाबल्याची धरायची की सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचल्याची? प्रवास दुसऱ्या टाइम झोनमधून सुरू होत असेल तर कुठलं घड्याळ? गाडी आयत्या वेळी पुढे ढकलली, तर २४ तास कुठल्या वेळेपासून मोजायचे? बाउंडरी व्हॅल्यू हे तंत्र टेस्टिंगच्या पुस्तकातलं, पण इथे ते सापडवतंय रिक्वायरमेंटमधली भोकं, तीही कोडची एक ओळ लिहिण्याआधी. हे वर्गात एकदा घडलं, की ‘संदिग्ध भाषा टाळा’ हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेल्या एरियन ५ या रॉकेटचंही तसंच. दोन विषय असतील तर हे उदाहरणही दोन तुकड्यांत शिकवलं जातं. ६४ बिटांची फ्लोटिंग संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, इतकं टेस्टिंगवाले सांगतात. पण एरियन ४ या आधीच्या रॉकेटच्या दिशादर्शक यंत्रणेसाठी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर पुन्हा वापरताना नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या रिक्वायरमेंट्समध्ये घातलीच नव्हती, आणि त्या मार्गाच्या आकड्यांवर तिची चाचणीही झाली नव्हती. हे दोन्ही एका दमात सांगितलं तरच त्यातून काही शिकता येतं.

आता अट. एका गटाने लिहिलेल्या रिक्वायरमेंट्सवर टेस्ट दुसऱ्याच गटाने लिहायच्या, आणि शंका लेखीच विचारायच्या. स्वतःच्याच दस्तऐवजावर टेस्ट लिहिणारा गट मनातलं गृहीत धरून पुढे जातो. मग एकत्र शिकवून फरक तो काय पडला? मार्क देतानाही मी आधी शंकांची वही बघेन, एसआरएसची पानं नंतर.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. सेमिस्टर तेवढंच, त्यामुळे काहीतरी गळतं. कोडमध्ये रमणारे शिक्षक असतील तर वापरकर्त्यांच्या मुलाखती गळतात, नसतील तर म्यूटेशन टेस्टिंग. वर्ग मोठा असेल तर शंकांच्या वह्या तपासता तपासता नाकी नऊ येतात. तयार बग पेरून ठेवलेला कोड देऊन आपोआप गुण देणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

मग निवड कशी करायची?

पदवीच्या वर्गाला या दोन्हींसाठी मिळून एकाच विषयाची जागा असेल, तर एकत्र करा आणि प्रगत टेस्टिंग ऐच्छिक विषयात ढकला. पदव्युत्तर पातळीवर किंवा विमान, वैद्यकीय उपकरणं अशा जिवावर बेतणाऱ्या प्रणालींकडे जाणारी मुलं असतील, तर वेगळेच बरे. तिथे एमसी/डीसी कव्हरेजसारख्या (निर्णयातली प्रत्येक अट एकटीने निकाल बदलते हे दाखवणाऱ्या) गोष्टी वरवर शिकवून चालत नाही.

वेगळे ठेवायचेच ठरले, तर दोन्ही लागोपाठच्या सेमिस्टरमध्ये घ्या आणि पहिल्यातले एसआरएस दुसऱ्यात टेस्टिंगला वापरा. लिहिणारी मुलं तेव्हा त्याच कॉलेजात असतात. शंका निघाली की त्यांनाच गाठून विचारता येतं.