'हॉल्ट अँड कॅच फायर': ठाण्यातली बहुधा मी एकटीच

आमच्या भिशीत सात जणी. पाच जणी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ फोन उचलत नाहीत, सहावी फक्त कोरियन बघते. सातवी मी. गेल्या पावसाळ्यापासून 'हॉल्ट अँड कॅच फायर' ही अमेरिकन मालिका मी दुसऱ्यांदा बघतेय आणि तिच्याबद्दल बोलायला मला माणूस मिळत नाही. एकदा वर्तकनगरच्या मैत्रिणीला गोष्ट सांगायला घेतली. पाच मिनिटं तिने ऐकलं, मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे गं, पण यात वाईट कोण आहे?" मला पटकन सांगता येईना. म्हणून इथे लिहितेय.

आधी जुजबी माहिती. एएमसी वाहिनीवर २०१४ ते २०१७ या काळात चार सीझन झाले, प्रत्येकी १० भाग. 'ब्रेकिंग बॅड' आणि 'मॅड मेन' याच वाहिनीचे. त्यांची नावं पोराटोरांना ठाऊक, हिचं नाही. तिकडेही तेव्हा फारशी कुणी बघितली नव्हती, तरी वाहिनीने चार सीझन होऊ दिले, हे नशीबच. १९८३ साल, टेक्सासमधलं डलास. आयबीएममधून आलेला जो मॅकमिलन हा गुळगुळीत बोलणारा माणूस कार्डिफ इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीत घुसतो, गॉर्डन क्लार्क या खचलेल्या इंजिनिअरला हाताशी धरतो आणि दोघं आयबीएमच्या पीसीची नक्कल करायला निघतात.

कंपनी काल्पनिक, पण मामला खरा. १९८१ मध्ये आलेल्या त्या पीसीतले बहुतेक भाग बाजारात कुणालाही मिळत होते. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी किल्ली एकच, चिपमधला बायॉस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. तो जसाच्या तसा उतरवला तर कोर्टकचेरी. म्हणून एकाने बायॉस काय काय करतो ते लिहून काढायचं आणि ज्याने मूळ कोड कधी पाहिलाच नाही अशा दुसऱ्याने त्यावरून नवा लिहायचा. टेक्सासच्याच कॉम्पॅकने हे असंच केलं आणि 'उचलून नेता येणारा' पीसी काढला. वजन जवळपास १३ किलो, म्हणजे उचलणाऱ्याचं कौतुक. मालिकेत नवा कोड लिहायला येते कॅमरून हाऊ, कॉलेजात शिकणारी एक तिरसट, हुशार पोरगी.

पहिल्याच भागात जो आणि गॉर्डन गॅरेजमध्ये बसून चिपमधला मजकूर आकड्या-आकड्याने बाहेर काढतात. एक वाचतो, दुसरा लिहून घेतो. इथे मी हातातलं विणकाम खाली ठेवलं. पॉलिटेक्निकला आम्ही ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर हेच तर करायचो! मी वहीतून हेक्स कोड, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या सूचनांचे आकडे, वाचायची, पार्टनर बटणं दाबायची. शेवटी ७६ टाकायचं. ७६ म्हणजे हॉल्ट, थांब. ते राहिलं की प्रोसेसर पुढच्या मेमरीतला कचराही प्रोग्राम समजून चालवत सुटायचा. मालिकेचं नावही अशाच एका कमांडचं आहे. ती दिली की सगळ्या सूचना एकाच वेळी पुढे घुसायला बघतात आणि मशीन हातचं जातं. हे सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं. मला तेव्हा ते मशीनबद्दल वाटलं होतं.

माझा जीव अडकला तो डोनात. गॉर्डनची बायको, स्वतः इंजिनिअर, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नोकरी, घरी दोन मुली. पूर्वी नवराबायकोने मिळून सिम्फॉनिक नावाचा संगणक बनवला होता आणि प्रदर्शनात, ऐन वेळी, तो सुरूच झाला नव्हता. नवरा त्या अपयशात बुडून बसलाय. ही डबे भरते आणि कामावर जाते. पहिल्या सीझनमध्ये कॅमरूनचा महिन्यांचा कोड उडतो, तेव्हा डोना येते आणि बसून तो परत मिळवते. मग कळतं की हा सगळा बनाव जोनेच एका पत्रकाराला दाखवण्यासाठी रचलेला होता.

मी वागळे इस्टेटमध्ये ११ वर्षं बोर्ड टेस्टिंगला होते. एक पॉवर सप्लाय गरम झाला की बंद पडायचा, गार झाला की चालू. दोन इंजिनिअर तीन दिवस कागदावर सर्किट काढत बसले. मी जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेक जोड दाबत गेले. ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी दाबलं की दिवा लागे, सोडलं की जाई. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड. दोन मिनिटांचं काम. रिपोर्टवर सही दुसऱ्याची झाली आणि मला विचारलं, "मॅडम, चहा सांगता का जरा?" कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती तिथे नाहीही. पण डोनाचं काम करणाऱ्या केरी बिशेचा त्या प्रसंगातला चेहरा बघून मला तो चहा आठवला.

गंमत अशी की ही मालिका डोनाला देव्हाऱ्यात बसवत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये ती कॅमरूनशी, आपल्या भागीदारणीशी, चक्क खोटं बोलते. का बोलली ते कळतं. चूक आहे हेही कळतं. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी इथेच अडखळले होते. जो मॅकमिलन सुरुवातीला खलनायक वाटतो आणि चौथ्या सीझनमध्ये तळघरात वेबसाइट शोधून चिठ्ठ्या चिकटवत बसलेला दिसतो, तेव्हा त्याला वरणभात वाढावासा वाटतो.

दोषही सांगते. पहिल्या सीझनचे पाच-सहा भाग सोसावे लागतात. जोला गूढ दाखवायचा इतका अट्टहास केलाय की ली पेससारखा नटही मधूनमधून सुटाच्या जाहिरातीतला वाटतो. दुसऱ्या सीझनला लेखकांना शहाणपण सुचलं असावं. कथा उचलून त्यांनी कॅमरून आणि डोनाच्या हातात दिली. एका भाड्याच्या घरात दोघींची म्युटिनी ही ऑनलाइन खेळांची कंपनी, खोलीभर वायरी, पोरांचा उकिरडा. आणि लोक खेळण्यापेक्षा एकमेकांशी गप्पाच जास्त मारतात, हे सगळ्यात आधी डोनाच्या लक्षात येतं. तिथून मालिका माझी झाली.

तिसऱ्याचा शेवट तर गडकरी रंगायतनला बसून एकांकिका बघावी तसा. १९९० साल, रिकामं जुनं ऑफिस, पाच माणसं. टिम बर्नर्स-ली यांचा वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव समोर आहे. चर्चा ब्राउझरची, पण कोण कुणाला सोडून गेलं आणि कोण अजून रागावलंय, हे प्रत्येक वाक्याखाली चालू. कुणी आवाज चढवायच्या आत मला घाम फुटला होता.

चौथ्या सीझनच्या सातव्या आणि आठव्या भागाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. आठव्यात एका घरातलं सामान आवरतात, एवढंच. स्वयंपाक आटोपून बघा. माझी पोळी तव्यावर कोळसा झाली.

सबटायटल्स लावाच. टोबी हस या नटाने केलेला कार्डिफमधला म्हातारा साहेब बॉसवर्थ अस्सल टेक्सासी बोलतो आणि त्याचं एक वाक्य चुकवण्यासारखं नाही. पॉल हासलिंगरचं संगीत जरा बऱ्या स्पीकरवर ऐका. घाईने चार-चार भाग उरकू नका, रोज एक पुरे. पाचपैकी साडेचार. अर्धा जोच्या सुटांसाठी कापला.

हे लिहीत असतानाच वर्तकनगरहून फोन आला. "ती तुझी डोना मला अजिबात आवडलेली नाही हं."

"किती भाग झाले?"

"सतरा."

सतरा! आणि मला पत्ता नाही.