धम्मगिरी, इगतपुरी : दहा दिवसांचा विपश्यना कोर्स कसा वाटला

नुकताच पहिला कोर्स करून आले, बऱ्याच जणी विचारतायत म्हणून लिहितेय. १९७६ पासून इथे कोर्स चालतात, ही साधना शिकवणारे सत्यनारायण गोयंका गुरुजी २०१३ ला गेले पण अजूनही शिकवण त्यांच्याच आवाजातल्या रेकॉर्डिंगवर मिळते. पहाटे ४ ला घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद, ११ ला साधं चविष्ट जेवण आणि मग नव्या साधकांना संध्याकाळी ५ ला चहा-फळं, बस्स. भूक लागेल अशी भीती होती, तिसऱ्या दिवसानंतर आठवणही झाली नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या संवेदना नुसत्या बघत राहायच्या, आणि त्यासोबत अधिष्ठान, म्हणजे तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत, असं दिवसातून तीनदा. माझा उजवा गुडघा इतका ठणकायचा की मी मनातल्या मनात त्याला विनवायचे, थांब रे बाबा आता, पण तो कशाला ऐकतोय. आणि तिथेच मला सारनाथचा उपदेश आठवला, पाच भिक्खूंना बुद्ध हेच सांगतात ना की हे शरीर खरंच 'मी' असतं तर असं हो, तसं होऊ नको म्हटल्यावर त्याने ऐकलं असतं, वेदनेचंही तेच, विचारांचंही तेच. पुस्तकात वाचलं होतं कितीदा, पण सहाव्या दिवशी 'माझा गुडघा दुखतोय' मधलं 'माझा' क्षणभर गळून पडलं, नुसतं दुखणं उरलं, येतंय, सरकतंय, विरतंय, आणि इतकं हलकं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

मग भावाशी दोन वर्षं धरलेला अबोला वर आला. छातीत जळजळ, कानशिलं गरम, आणि त्या सगळ्यात 'मलाच असं बोलला' हे 'मलाच' किती घट्ट धरून ठेवलं होतं मी! दहाव्या दिवशी मौन सुटलं, मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान) झाली, अकराव्या दिवशी मोबाईल हातात आल्यावर पहिला फोन त्यालाच केला.

फी नाही, राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आपण कोर्स पूर्ण केल्यावरच देऊ शकतो आणि किती ते आपल्या मनावर. जायचं असेल तर ऑनलाईन फॉर्म लवकर भरा, सैल कपडे न्या, पावसाळ्यात छत्री आणि शाल हवीच, गुडघ्याचा खरंच आजार असेल तर फॉर्ममध्ये लिहा, खुर्ची मिळते.