दिवाळीच्या एका रात्रीत ऑफिसच्या फोनवरून क्यूबाला ३,११८ मिनिटं

बिलाचा आकडा आधीच सांगतो: मिनिटाला ७८ रुपये, म्हणजे २,४३,२०४. वर १८ टक्के जीएसटी, ४३,७७६ रुपये ७२ पैसे. एकूण २,८६,९८०.७२. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा ते पहाटे साडेपाच, एसआयपी ट्रंकचे, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनचे, आठही चॅनल भरलेले, सगळे कॉल ००५३ या क्यूबाच्या कोडवर, सगळे एक्सटेन्शन ११४ वरून. ११४ म्हणजे सातपूरच्या स्टोअरमधला फोन. त्याचा रिसीव्हर सहा महिने तुटलेला आहे.

प्रकार नवा नाही. एक्सटेन्शनचा पासवर्ड शोधायचा, महागड्या नंबरांवर कॉल सोडायचे, कॉलच्या पैशातला तिकडच्या टोकाला मिळणारा वाटा खिशात घालायचा. आमच्याकडे शोधायलाही लागलं नाही. पासवर्ड होता ११४.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. वसुबारसेच्या आधी वॉचमन दोनदा म्हणाला, ‘साहेब, रात्री फोन वाजतात, उचलला की कुणी बोलत नाही. नंबर १०० दिसतो.’ आम्ही हसलो. भूतबित काही नसतं, ते स्कॅनर असतात, म्हणजे उघड्या फोन सिस्टिम शोधत फिरणारे प्रोग्रॅम. रात्री १००, १००० असल्या नंबरांवरून रिंग आली की समजा, ५०६० पोर्ट, म्हणजे फोन सिस्टिमचा दरवाजा, इंटरनेटवर उघडा आहे आणि निनावी एसआयपी कॉल घेण्याची सेटिंग चालू आहे. सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये, ००५३ चे सहा-सहा सेकंदांचे चार कॉलही होते. चाचणीचे. तो रिपोर्ट कुणी उघडलाच नाही. आता म्हणाल, उघडायला काय झालं होतं? दिवाळीच्या डिस्पॅचमध्ये कोण उघडतो! आणि सिस्टिम बसवणारा दहा वर्षं ओळखीचा. त्याने साहेबांना घरून फोन वापरता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडून दिला. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसला जोडणारा सुरक्षित खासगी मार्ग, असतं, हे त्याला माहीत नसेल?

त्याहून मोठा गाढवपणा आउटबाउंड रूटमध्ये, म्हणजे बाहेर कुठले नंबर लागू द्यायचे त्या नियमात. फ्रीपीबीएक्स या आमच्या फोन सिस्टिमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पॅटर्न टाकलेला: एक्स आणि पुढे टिंब. टिंब म्हणजे पुढे काहीही, कितीही अंक. सगळ्या जगाला दार उघडं. खरं तर नाशिकच्या ऑफिसला चार पॅटर्न पुरतात. स्थानिक लँडलाइनला एन आणि सहा एक्स, म्हणजे सात अंक. मोबाइल आणि एसटीडीला शून्य, मग झेड, मग नऊ एक्स. एक्स म्हणजे ० ते ९, एन म्हणजे २ ते ९, झेड म्हणजे १ ते ९. शून्यानंतर शून्य बसतच नाही, त्यामुळे आयएसडी आपोआप बंद. लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावणं जानेवारी २०२१ पासून सक्तीचंच आहे, तेव्हा कुणाची अडचण होत नाही. उरले १८०० चे टोल-फ्री आणि ११२. आयएसडी खरंच लागत असेल तर वेगळा रूट, पिन, ठरावीक एक्सटेन्शन, आणि टाइम कंडिशन लावून संध्याकाळी सातनंतर बंद.

फेल-टू-बॅन, म्हणजे चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम, बसवलंय म्हणून निवांत राहू नका. ते चुकलेले प्रयत्न मोजतं. पहिल्याच फटक्यात बरोबर आलेला पासवर्ड त्याला कसा दिसणार?

कॉल फॉरवर्डचा *७२ सुद्धा बाहेरच्या नंबरांसाठी बंद करा. डीआयएसए, म्हणजे बाहेरून फोन करून ऑफिसच्या लाइनवरून पुढे कॉल लावायची सोय, लागत नसेल तर काढूनच टाका.

आता मदतीचं ऐका. टेलिफोन कंपनी म्हणते, कॉल तुमच्याच सिस्टिममधून गेले, बिल भरा. साडेपाचला कॉल थांबले ते क्रेडिट मर्यादा संपली म्हणून, म्हणजे यांच्या मशीनला मीटर दिसत होता! दोन लाख होईपर्यंत एक एसएमएस नाही? पोलीस ठाण्यात विचारलं, ‘पैसे कोणत्या खात्यातून गेले? यूटीआर नंबर?’ अहो, खात्यातून गेलेच नाहीत, बिल आलंय! मग म्हणे फसवणूक कशी झाली. तीन चकरा, तीन अर्ज, आणि एका टेबलावर सल्ला, ‘फोन बंद करून जायचं ना.’ ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिथे दिवस घालवू नका. कंपनीकडे लेखी तक्रार, डॉकेट नंबर, आणि मग तिच्याच अपील प्राधिकरणाकडे. सीडीआर आणि लॉग लगेच पेन ड्राइव्हवर घ्या. आमचे लॉग बसवणाऱ्यानेच ‘साफ’ केले.

आयएसडी बंदी कंपनीच्या बाजूनेच लावून घ्या, ईमेलने मागा, उत्तर जपून ठेवा. आमची आता लागली आहे. तिचा अर्ज एका पानाचा होता.