एका हाताने होतं का? आठ महिने वापरलेल्या सकाळच्या मेकअपचा खरा अनुभव

फेब्रुवारीत घेतलं होतं हे सगळं, आता ऑक्टोबर चालूए. म्हणजे मेचा घाम, जुलैचा पाऊस आणि गणपतीत उकडीच्या मोदकांची वाफ असं सगळं ह्या पाऊचने बघून झालंय, तर आता लिहायला हरकत नाही. आठ दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा फारसा विश्वास नाहीये, फेब्रुवारीत मुंबईत कुठलाही मेकअप टिकतो हो, मेमध्ये टिकला तर बोला.

आधी माझी सकाळ सांगते कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. भांडुपला राहते, ऑफिस लोअर परळला. मोठीची स्कूलबस साडेसहाला, तिचा डबा, मग नवऱ्याचा आणि माझा डबा, पोळ्या, आणि धाकटा अडीच वर्षांचा. त्याला दिवसभर सासूबाई बघतात पण मी घरात आहे हे कळलं की तो कडेवरून खाली उतरतच नाही. म्हणजे माझ्याकडे मेकअपला पाच मिनिटं नाहीत असं नाही, पाच मिनिटं आहेत, पण हात एकच आहे. हे ‘पाच मिनिटांत मेकअप’वाले व्हिडिओ बघा, सगळ्या बाया दोन्ही हात मोकळे ठेवून आरशासमोर निवांत बसलेल्या असतात, स्पंज ओला करतायत, ब्रश झटकतायत. माझी कसोटी एकच, एका हाताने होतं का. त्यात फिरकीचं झाकण असलेली बाटली बाद, ब्रश लागणारा ब्लश बाद, पॅलेट तर विचारूच नका. सुरुवातीला नऊ वस्तू होत्या, आता चार उरल्यात. ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण प्रत्येकीची स्किन वेगळी, वस्तूचा प्रकार कळला की बास.

टिंटेड सनस्क्रीन. ह्याच्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण खरी कमाल हीच आहे. धाकट्याच्या वेळेला दोन्ही गालांवर वांग आले आणि गेलेच नाहीत. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, क्रीम देते पण सनस्क्रीन रोज लावणार नसशील तर क्रीमचे पैसे पाण्यात, आणि शक्यतो रंगवालं घे. मला वाटलं रंगवालं म्हणजे डाग लपवायला, तर तसं नाहीये. साधं सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, पण वांगाला नुसता डोळ्याला दिसतो तो उजेडसुद्धा वाढवतो, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ स्किनला तर जास्तच, आणि तो अडवायचं काम टिंटसाठी घातलेलं आयर्न ऑक्साइड करतं. म्हणजे ज्याला आपण नुसता मेकअप समजतो तोच औषधाचा भाग आहे. आणि खिडकीच्या काचेतून यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचाच एक प्रकार, आत येतं, त्यामुळे ऑफिसात माझी जागा खिडकीशी आहे म्हणजे मी सावलीत आहे हा माझा भ्रम होता.

मी घेतलं ते एसपीएफ ५०, ‘पीए’ (यूव्हीए किती अडवतं त्याची खूण) पुढे चार प्लस, झाकण अंगठ्याने टिचकी मारून उघडतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब साडेपाचशेला. पहिली ट्यूब मला चार महिने पुरली आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की किती स्वस्त पडतं. मग एकदा हिशोब केला. ट्यूबवरचा एसपीएफ मोजतात तो चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून, म्हणजे चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, साधारण एक ग्रॅमच्या वर. त्या हिशोबाने पन्नास ग्रॅम जेमतेम दीड महिना जायला हवं होतं. म्हणजे मी चार महिने छापलेल्या पन्नासच्या जवळपाससुद्धा नव्हते, आणि वर तक्रार की वांग का जात नाहीयेत! आता दिवसाला बारा रुपये पडतात, कटिंग चहाच्या भावात, ठीक आहे.

पण दोन बोटं एकदम लावलं तर तोंड रंगवल्यासारखं दिसतं, हे खरं. म्हणून एक बोट लावायचं, तेवढ्यात बाळाच्या पायात चप्पल सरकवायची, मग दुसरं बोट. थर बसतो नीट. आणि एक अक्कल मला दोन महिन्यांनी आली ती म्हणजे पोळ्या झाल्याशिवाय तोंडाला काहीही लावायचं नाही. आधी मी ‘सनस्क्रीन मुरायला वेळ हवा’ म्हणून उठल्या उठल्या लावायचे आणि मग तव्यासमोर उभी. नाकाच्या बाजूने आणि वरच्या ओठावर सगळं वाहून जायचं आणि ऑफिसला पोचेपर्यंत तोंडाचा नकाशा. आता शेवटची पोळी डब्यात गेली की गार पाण्याने तोंड धुवायचं, पंख्याखाली टिपायचं, मग लावायचं. घरातून निघेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.

शेडचा मात्र घोळ घातला मी. दुकानात हाताच्या पाठीवर लावून बघितली, पिवळ्या लाइटमध्ये छान दिसली, घरी आले तर पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं. शेड जबड्याच्या कडेला लावायची आणि सरळ दुकानाच्या बाहेर रस्त्यावर येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघायची, सेल्सगर्ल काय म्हणेल ते म्हणो. त्या बायांना आपल्याला एक शेड गोरं करूनच पाठवायची सवय आहे. आणि दहा मिनिटं थांबा, काही टिंट हवेत राहून जरा गडद होतात.

पीच करेक्टर, म्हणजे फिकट नारिंगी छटेचा. काळी वर्तुळं झाकायला. लोक सांगतात झोप घे, अगं झोप कुठून आणू, आणि झोपूनही माझी जात नाहीत कारण ती आईलाही आहेत आणि मामीला पण. पूर्वी मी स्किनच्या रंगाचा कन्सीलर लावायचे आणि वर्तुळं काळ्याची राखाडी व्हायची, आणखी आजारी दिसायचं. निळसर-करड्यावर नारिंगी छटा लागते, ती दोन्हीला मारते, एवढा साधा नियम. ठिपका किती, तर मुगाच्या डाळीएवढा, तो पण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जिथे खोलगट आहे तिथेच, अनामिकेने दाबत जायचं, घासायचं नाही. पूर्ण त्रिकोण काढून भरला तर दुपारी दोनला रेघांमध्ये जमा होतो, तिशी ओलांडलेल्या बायकांनी हे लिहूनच ठेवा. छोटी डबी आहे, आठ महिन्यांत अर्धी पण नाही संपली. पण मागे उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२ एम लिहिलंय, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने, त्यामुळे फेब्रुवारीत उरली तरी टाकणार.

काजळ. इथे मी सगळ्यात जास्त पैसे घालवले. चोवीस तास टिकणारं म्हणून घेतलं ते कुर्ल्यापर्यंत टिकलं. एका मीटिंगमध्ये समोरची ज्युनिअर मला सारखी तिच्या डोळ्याखाली बोट लावून दाखवत होती, मला वाटलं तिला काही खुपतंय, नंतर वॉशरूममध्ये बघितलं तर मी रात्रभर रडल्यासारखी. दोष पूर्ण काजळाचा नव्हता हे नंतर कळलं. एक तर खालच्या पापणीची आतली कड कायम ओली असते, तिथे काय चिकटणार. दुसरं म्हणजे डोळ्याखाली सनस्क्रीन आणि करेक्टर दोन्ही तेलकट, तेलात काजळ विरघळतंच. आता मी खाली लावतच नाही. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी एक जाडसर रेघ, ती वाकडी आली तरी चालते, लगेच करंगळीने पसरवायची. लगेच म्हणजे लगेच, ही टिकाऊ काजळं अर्ध्या मिनिटात सुकून बसतात, मग ढिम्म हलत नाहीत. त्याआधी डोळ्याखाली बोटाने चिमूटभर लूज पावडर. बस्स. हे केल्यापासून तेच काजळ दादरला काय, संध्याकाळी परत भांडुपला उतरेपर्यंत राहतं.

एकदा घाईत एका स्टॉलवरून त्याच काजळाचं पॅकिंग निम्म्या किमतीत घेतलं आणि तिसऱ्या दिवशी रांजणवाडी. पॅकवर बॅच नंबर पुसट, लायसन्स नंबर छापलेलाच नाही, हे मी घरी येऊन वाचलं. लिपस्टिकची घासाघीस करते मी अजूनही, डोळ्यात जाणाऱ्या वस्तूची नाही.

गाल आणि ओठांची एकच स्टिक. ही माझी लाडकी. विटकरी-गुलाबी शेड. झाकण दातात धरून उघडता येतं (सासूबाईंनी बघितलं नाही अजून). गालावर दोन टिपके, ओठांवर एक फिरवायची, बोटाने थोपटलं की झालं. मेमध्ये मात्र पर्समध्ये वितळून झाकणाला चिकटली, तेव्हापासून उन्हाळाभर रात्री फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. सासूबाई म्हणाल्या, हे कसलं गं औषध? टिकते तीन-चार तास, जेवल्यावर ओठांवरची जातेच, पण परत लावायला आरसाही लागत नाही. तेलकट गालांवर ती सरकते, त्यांनी वरून पावडर लावावी.

पाचवी वस्तू धरायची तर टिकली, पण ती कुठे मेकअप, ती बाथरूमच्या आरशावरून काढून लावली की एका सेकंदात चेहरा जागेवर येतो. फक्त रोज त्याच जागी लावत असाल आणि खाज येत असेल तर थांबा, गोंदातल्या केमिकलने काहींना तिथे पांढरा डाग पडतो, माझ्या आत्याला पडला होता. मी शनिवार-रविवार कपाळ मोकळं ठेवते.

बाकीचं काय झालं तर फाउंडेशन लग्नासमारंभाला, मेकअप टिकवायचा सेटिंग स्प्रे म्हणजे माझ्यापुरतं महागडं पाणी, मस्कारा छान होता पण एका हाताने लावताना बाळाने मान हलवली आणि डोळ्यात गेला, विषय संपला. आयब्रो पेन्सिल बहिणीला दिली.

ट्रेनमध्ये करावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. स्लो लोकलला भांडुपला बसायला मिळेलच असं नाही, पण मिळालं तर कांजूरमार्ग ते विक्रोळी हा काय तो निवांत वेळ, घाटकोपरला जी गर्दी चढते त्यानंतर स्वतःचं नाक पण हाताला लागत नाही. स्टिक तेवढी लावते. काजळ कधीच नाही. लेडीज डब्यात उभ्याने, धक्के खात, फोनच्या स्क्रीनमध्ये बघून सरळ लायनर ओढणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांना माझा दंडवत, ते माझ्याच्याने होणे नाही.

आता खरी उणीव. सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावायला सांगतात, ते मी करत नाही. ऑफिसात तोंड धुऊन सगळं नव्याने कोण करणार. दुपारी बाहेर जायचं असेल तरच टिश्यूने तेल टिपून एक बोट वरून थापते, नाहीतर छत्री. आणि रात्री काढायचा कंटाळा हा दुसरा प्रॉब्लेम. नुसत्या फेसवॉशने टिंट निघत नाही, काजळ तर नाहीच. मी आधी खोबरेल तेल वापरायचे, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्या, म्हणून आता ते फक्त डोळ्यांपुरतं आणि बाकी चेहऱ्याला क्लिंझिंग बाम. हे सगळं रात्री बाळाला झोपवायच्या आधीच करायचं, कारण त्याच्याबरोबर आपणही झोपतो.

वांग गेले का? गेले नाहीत, फिकट झालेत. डॉक्टरांची क्रीम चालू होती त्यामुळे सगळं श्रेय ट्यूबला देणार नाही, पण मधे सनस्क्रीन पंधरा दिवस आणायचं राहिलं तेव्हा गाल परत गडद झाले होते, ते मी आरशात बघितलंय. चौथी ट्यूब कालच मागवली, ह्यावेळी एक शेड गडद, ऑक्टोबरच्या उन्हाने चेहरा रापलाय. धाकटा आता तीनचा होईल, कडेवरून उतरायला लागलाय थोडा थोडा, तर आयब्रो पेन्सिल बहिणीकडून परत मागावी का ह्या विचारात आहे.