आफ्रिकन मिलिपीड, जवळपास वर्षभरानंतर: खर्च प्राण्याचा नाही, मातीचा

मुलीसाठी घरात पाळायला मिलिपीड (आपल्या वाणीच्या कुळातला, पुष्कळ पायांचा जीव) घेतला, सोबत त्याची पेटी. त्या पेटीला ऊब देणाऱ्या हीट मॅटचा थर्मोस्टॅट जानेवारीत बंद पडला आणि विक्रेत्याशी ईमेलवर जी हुज्जत झाली, त्यानंतर हे लिहायचं ठरवलं. पण खरी तक्रार थर्मोस्टॅटबद्दल नाही. तो चिनी असतो, जातोच. तक्रार आहे ती पेटीसोबत 'माती' म्हणून जे दिलं त्याबद्दल.

प्राण्याची ओळख थोडक्यात करून देतो, बाकी सगळीकडे लिहिलेलंच आहे. पूर्व आफ्रिकेतला मोठा मिलिपीड, काळाभोर, पूर्ण वाढला की फूटभराच्या आसपास. नीट ठेवला तर पाच-सात वर्षं सहज जगतो. नावाचा अर्थ 'हजार पायांचा', पण पाय हजार नसतात, अडीचशेच्या घरात. हजाराच्या पुढे जाणारी पहिली जात २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून जाहीर झाली, १३०६ पायांची, आणि तीसुद्धा जमिनीखाली साठ मीटरवर, खनिज शोधायला पाडलेल्या भोकात सापडलेली. घरातल्या पेटीत तसलं काही मिळणार नाही.

आम्ही जर्मनीत राहतो, डॉर्टमुंडजवळ. मुलीला कुत्रा हवा होता. कुत्र्यासाठी घरमालकाची परवानगी लागते, वर पालिका दरवर्षी कर घेते. पेटीत राहणाऱ्या लहान प्राण्याला यातलं काही नाही. २५ युरोंत विषय मिटला, असं मी धरून चाललो होतो. मुलीनं नाव ठेवलं डेक्कन क्वीन. पुढे एका जाणकारानं उलटा धरून दाखवलं की सातव्या वलयावर चालायचे पाय नाहीत, म्हणजे हा नर. क्वीन गळून पडली, डेक्कन राहिला.

गावी फोनवर सांगितलं तर बाबा, "अरं, हितं सोयाबीन उगवलं की बादल्या भरभरून येचून टाकतो आम्ही वाणी. अन् तू पैसे देऊन आणलास?" त्यांचं बरोबर आहे. आमच्या लातूरकडे वाणी म्हणजे कोवळी रोपं कुरतडणारी कीड. गवताचे ढीग करायचे, रात्रीतून त्याखाली जमली की सकाळी उचलून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात. तिकडे तिला मारायची मेहनत, इकडे जगवायची. एवढा वेळ मातीत घालवल्यावर मला तर दोन्ही कामं सारखीच वाटायला लागली आहेत.

आता मुद्द्यावर. पेटीसोबत आली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट. पाण्यात टाका, फुगवा, भरा, झालं. दिसायला छान तपकिरी, ओलावाही धरते. फक्त त्यात खायला काहीच नाही. मिलिपीड काकडी, भोपळा, केळं, आंबा हे सगळं खातो, पण ते तोंडी लावणं. त्याचं जेवण म्हणजे ज्यात तो राहतो ते: कुजलेली पानं आणि कुजलेलं लाकूड. नुसत्या कोकोपीटमध्ये ठेवलेला मिलिपीड म्हणजे रिकाम्या कोठारात कोंडलेला पाहुणा. माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. उलट हीट मॅट पेटीच्या तळाखाली लावा, असं चित्र काढून दाखवलंय! हा प्राणी उष्णता वाढली की खाली शिरतो, कारण जंगलात खाली गारवा असतो. तळाला मॅट म्हणजे जितका पळेल तितका भाजेल. मॅट बाजूच्या काचेला लावायची, तीही मातीच्या पातळीच्या वर. २२ ते २८ अंश पुरे.

हे सगळं कळलं हम्म या गावातल्या टेरारियम मेळ्यात (पेटीत पाळायच्या प्राण्यांचा बाजार), वर्षातून काही वेळा भरतो तिथं. साप, कोळी, पाली, माणसांची चेंगराचेंगरी. एका टेबलावर एक आजोबा पिशव्यांत भरून फक्त वाळलेली पानं विकत होते. ओक आणि बीच या झाडांची. शेजारी पांढऱ्या बुरशीनं पोखरलेलं, बोटानं चुरा होणारं लाकूड. किंमत बघून मी मराठीत मोठ्यानं बोललो ते इथं लिहीत नाही. ज्या देशात शरद ऋतूत हाच पाला यंत्रानं फुंकून, गोळा करून, गाडीत भरून नेतात, तिथं तो मी पैसे मोजून घ्यावा? आणि घेतला. कारण आजोबांनी सांगितलं ते पटलं: थोडी साधी बागेची माती, बाकी पानं आणि लाकूड, आणि या थराची खोली प्राण्याच्या लांबीइतकी तरी. पाइन वगैरे राळवाल्या झाडांचं काही नको. वर समुद्रफेनाचा चुरा, कॅल्शियमसाठी. अंड्याची टरफलंही चालतात, ती फुकट.

दुसऱ्या खेपेचा पाला मी स्वतः आणला. संरक्षित जंगलातून नाही, रस्त्याकडेचा नाही, फवारणी झालेल्या बागेतला नाही, एवढं पाहून. मग तो ओव्हनमध्ये शंभर अंशांवर तापवायचा, म्हणजे नको ते किडे मरतात. पानगळ आणि दिवाळी इथं एकाच वेळी येतात. ओव्हनमध्ये नानकटाई आधी की ओकची पानं आधी, यावर आमच्या घरात जे झालं त्यात बायकोचा मुद्दा जिंकला. घराला तीन दिवस ओल्या जंगलाचा वास होता.

नंतरची भर: वरचं लिहिलं तेव्हा मी पाचपैकी दोन तारे देणार होतो, आणि त्याचं कारण: डेक्कन दिसत नाही. आणून ठेवला, फिरला, खाल्लं, मग गायब. आठवडे गेले. उकरून बघावं असं रोज वाटायचं, पण मेळ्यातल्या आजोबांनी बजावलं होतं, उकरायचं नाही. कात टाकायला तो मातीत पोकळी करून बसतो, तेव्हा अंग मऊ असतं, धक्का लागला तर संपलाच. त्यातच थर्मोस्टॅट गेला. विक्रेता म्हणतो, जिवंत प्राण्यासोबत घेतलेल्या सामानावर परतावा नाही. मी म्हणतो, प्राण्यासोबत नाही, पेटीसोबत घेतलं. चार ईमेलनंतर नवा आला, डाकखर्च माझा. तोपर्यंत पेटी स्वयंपाकघरात हलवून ठेवली होती, चालून गेलं.

फेब्रुवारीत मुलीला काचेला चिकटून एक पोकळी दिसली, आणि आत डेक्कन, फिकट, दुधाळ रंगाचा, शेजारी जुनी कात. पुढच्या काही दिवसांत रंग गडद होत गेला आणि कात त्यानं स्वतःच खाऊन टाकली, कॅल्शियम वाया न घालवता. इतका काटकसरी प्राणी मी पाहिलेला नाही. आता चार तारे.

पाचवा तारा नाही, याची कारणं. एक, घाबरला की अंगातून पिवळट द्रव सोडतो, बेंझोक्विनोन नावाच्या जळजळीत रसायनाचा. बोटावर तपकिरी डाग पडतो, साबणानं जात नाही, डोळ्याला लागला तर भयंकर. हातात घेऊन झालं की हात धुवायचेच, आणि लहान मुलांना हे दहा वेळा सांगावं लागतं. दोन, पायांमध्ये बारीक फिकट माइट्स (कोळ्याच्या कुळातले सूक्ष्म जीव) धावतात. ते निरुपद्रवी, उलट साफसफाई करतात, पण पहिल्यांदा दिसल्यावर बायकोला हे समजावून सांगून बघा.

एका बाबतीत मात्र कुत्रा याच्या जवळपास येत नाही. उन्हाळ्यात चार आठवडे भारतात गेलो. शेजारच्या काकूंनी दोन-तीन दिवसांआड पाणी फवारलं, काकडीचा तुकडा टाकला. बस. वास नाही, आवाज नाही. विष्ठा म्हणजे कोरड्या गोळ्या, आणि त्यांची बनलेली जुनी माती कढीपत्त्याच्या कुंडीला गेली. तो कढीपत्ता या थंडीत पहिल्यांदाच तगला.

घ्यायचा विचार असेल तर 'स्टार्टर किट', म्हणजे पेटी-सामानाचा तयार संच, अजिबात घेऊ नका. पेटी सेकंडहँड घ्या, प्लॅस्टिकचा मोठा डबाही चालतो, झाकणाला भोकं पाडा. प्राणी शेवटी घ्या, आधी माती महिनाभर तयार होऊ द्या. मी पुढच्या मेळ्याला पुन्हा जातोय, प्राणी घ्यायला नाही. बीचचं कुजकं लाकूड संपत आलंय, आणि यंदा आजोबांशी भाव करणार आहे.