वानुआतू: एफातेचा रस्ता की तान्नाचं छोटं विमान?

पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशात जाणाऱ्यांना धास्ती असते ती छोट्या विमानाची. माझ्या मते जास्त जपायला हवं रस्त्यावर.

एफाते बेटाला वळसा घालणारा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, बराचसा डांबरी, गाडी पळवायचा मोह पाडणारा. पण इथे वाहनं उजवीकडून चालतात. रहदारीत ते जमून जातं. घात होतो तो किनाऱ्यावर थांबून परत निघताना, समोर एकही गाडी नसते तेव्हा. डावीकडची सवय असलेला माणूस नकळत चुकीच्या बाजूला शिरतो. रात्री राजधानी पोर्ट व्हिला मागे पडली की काळोख, आणि कडेने चालणारी माणसं. गंभीर दुखापत झाली, तर रुग्णाला विमानाने ऑस्ट्रेलिया किंवा न्यू कॅलेडोनियाला हलवावं लागू शकतं. त्याचा खर्च भरून देणारा विमा घ्याच. गावकरी बसले तरी पिकअपच्या हौद्यात तुम्ही बसू नका.

तान्ना बेटाला जाणाऱ्या छोट्या विमानात चढण्याआधी सामानासोबत तुमचंही वजन होऊ शकतं. काट्यावर उभं राहायला लाजू नका. विमानातला भार त्यावरूनच ठरतो. हवा बिघडली की फेरी रद्द होते, आणि ते चांगलंच आहे. मे 2024 मध्ये एअर वानुआतू दिवाळखोरीत गेली तेव्हा प्रवासी अडकून पडले होते. म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, नोव्हेंबर ते एप्रिल या वादळी महिन्यांत तर नक्कीच.

तान्नाला उतरल्यावर यासूर ज्वालामुखीकडचा खडबडीत रस्ता मात्र स्थानिक ड्रायव्हरवर सोपवा, आणि बसण्याआधी सीटबेल्ट लागतो का ते बघा.