मागच्या बीमचे बुश बदलून आठ महिने झाले: दोन लाख किमी धावलेल्या गाडीचा अनुभव

गाडी 2012 ची डिझेल हॅचबॅक. मे महिन्यात मागच्या बीमचे (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे आत लोखंडी नळी असलेले रबरी सांधे, बदलले तेव्हा मीटरवर 1,91,400 होते, आता दोन लाख ओलांडलेत. घर रत्नागिरीत, भाट्ये किनाऱ्याजवळ, त्यामुळे अंगणातल्या गाडीला बारा महिने खारा वारा. काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात कुठलीही गाडी छानच वाटते, म्हणून अख्खा पावसाळा जाऊ दिला आणि मग लिहायला बसलो.

त्रास असा होता. हातखंब्याला महामार्गावर लागून सत्तरच्या वर गेलं की गाडी तरंगायची. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सारखं सावरत राहावं लागायचं. समोरून ट्रक गेला की वाऱ्याच्या झोताने बाजूला सरकायची. आंबा घाटात वेगळंच: वळणावर गाडीचं तोंड वळायचं आणि क्षणभराने मागचा भाग झोल खायचा. वडिलांना महिन्यातून एकदा कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवायला न्यावं लागतं. ते काही बोलायचे नाहीत, पण साखरपा मागे पडलं की त्यांचा हात दारावरच्या हँडलला जायचा, तो घाट संपेपर्यंत सुटायचा नाही. ते बघून माझ्या पोटात कालवायचं.

वर्षभरात तीनदा अलाइनमेंट केलं (म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवले), पुढचे शॉकअप बदलले, चारही टायर नवीन घातले. दरवेळी चार दिवस बरं वाटायचं. टायरचा खर्च फुकट गेला असं नाही म्हणणार. जुन्या टायरच्या बाजूवर 1417 छापलेलं होतं, म्हणजे 2017 सालच्या चौदाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर लाकडासारखं कडक झालेलं. पावसात ते धोक्याचेच होते. पण मूळ दुखणं तिथे नव्हतं.

शेवटी पावस रस्त्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांनी पान्याला हात न लावता आधी चावी मागितली. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगात ॲक्सिलरेटर सोडला, दाबला, पुन्हा सोडला. गाडी सरळ राहिली. पुढच्या लोअर आर्मचे (पुढचं चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्याचे) बुश गेले असते तर पाय सोडता-दाबताना गाडीने बाजू बदलली असती, असं ते म्हणाले. मग स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे केलं, आणि मागचा भाग उशिरा आला. “पुढनं नाय हो, मागनं चालते ही.”

तरीही गाडी उचलल्यावर त्यांनी पुढची चाकं तपासलीच. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं की स्टिअरिंगच्या टाय रॉड आणि रॅकचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, कळतो, बारा आणि सहावर धरलं की बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा. रॅकमध्ये किंचित खेळ होता, बाकी ठीक. मग मागे जाऊन बीमच्या डाव्या बुशपाशी टॉमी (लांब लोखंडी सळई) घालून दाब दिला. रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं होतं. बोटभर फट उघडली, आणि जांभ्याच्या मातीसारखा लाल गंज माझ्या हातावर झडला.

या गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच बीमवर असतात आणि तो बीम दोन बुशवर बॉडीला धरलेला असतो. बुश सैल झाला की वळणात जोर आल्यावर बीम तिरका होतो, मग मागची चाकंच गाडी वळवायला लागतात. अलाइनमेंटच्या वेळी गाडी उभी असते, बीम जागेवर बसलेला असतो. मशीनवर सगळं हिरवं दिसायचं ते त्यामुळे. शिवाय तिन्ही वेळा फक्त पुढची दोन चाकं मोजली होती.

डावा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाला होता. गॅसवर तापवून बघितला, शेवटी कापावा लागला, अर्धा दिवस त्यात गेला. किनाऱ्यालगत राहत असाल तर बुशबरोबर नवे बोल्टही आधीच मागवून ठेवा.

काकांची एक गोष्ट मला फार पटली. बोल्ट शेवटचे आवळण्याआधी त्यांनी गाडी खाली उतरवून चाकांवर उभी केली. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. मग नवीन बुशही लवकर फाटतो. त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट केलं.

बोल्ट, बुश, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून साधारण साडेसात हजार लागले. एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालू नको, विकून टाक, असं घरात दोघांनी सांगितलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. इंजिन धड आहे, आणि आता रस्त्यावर ती विश्वासाने चालते. ऑगस्टमध्ये भर पावसात, धुक्यात आंबा घाट तीनदा केला, मागून एकदाही झोल नाही. ऐंशीला स्टिअरिंग स्थिर. मागच्या टायरची आतली कड आधी करवतीसारखी झिजायची, आता हात फिरवला तर सपाट लागते. वडील हल्ली पालीच्या पुढे डोळा लावतात.

बारीक खड्डे मात्र पूर्वीपेक्षा जास्त जाणवतात, नवं रबर घट्ट असतं. डिसेंबरपासून पुढे डावीकडे खडबडीत रस्त्यावर टकटक ऐकू येते, ती लिंक रॉडची (सस्पेन्शनच्या छोट्या जोडदांडीची) निघाली. ती आणि रॅकचा खेळ दोन्ही कामं एकदमच करून घेईन. तोवर दर रविवारी पाइप लावून गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतो, बीमच्या बोल्टपाशी जरा जास्त वेळ.